अर्धा सूर खाली : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपातल्या बरोक काळाच्या, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या वाद्यवृंद-संगीताविषयी मी लिहिलं होतं. त्या काळच्या वाद्यांवर, किंवा त्यांच्या हुबेहूब प्रतींवर केलेली रेकॉर्डिंग आवर्जून ऐका, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते आहे. मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य. पहिली सोळा वर्षं आधुनिक वाद्यवृंदात पोलादी तारांवर वाजवला, नंतरची अकरा वर्षं एका लहान बरोक गटात तातेच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या, तारांवर. त्यामुळे मी जे सांगेन ते वाद्यवृंदाच्या मधल्या खुर्चीवरून ऐकलेलं असेल.

प्रश्न : माझ्याकडे बाखच्या सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची (काही वाद्यं पुढे आणि बाकीची साथीला अशा रचनांची) दोन रेकॉर्डिंग आहेत. एक कार्ल रिख्टरचं १९६७चं, दुसरं ट्रेव्हर पिनॉकच्या ‘इंग्लिश कॉन्सर्ट’चं १९८२चं. पिनॉकचं लावलं की सगळं अर्ध्या सुराने उतरल्यासारखं वाटतं. माझं यंत्र सावकाश फिरतंय का?

यंत्र ठीक आहे, आणि तुमचे कानही उत्तम आहेत. रिख्टरचा वाद्यवृंद आधुनिक पट्टीत वाजतो, पिनॉकचा ४१५च्या पट्टीत. मधल्या सप्तकातला ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांचा असावा, असं १९३९मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि आजचे वाद्यवृंद बहुतेक त्याच्या आसपास जुळवतात. बरोक गट तोच ‘ए’ ४१५ला लावतात. फरक बरोबर अर्ध्या सुराचा.

पण ४१५ हा आकडा बाखने कुठे लिहून ठेवलेला नाही. त्या काळी सगळ्यांची मिळून एक अशी पट्टी नव्हतीच. एका गावचा ऑर्गन एका पट्टीत, शेजारच्या गावचा दुसऱ्या. बासरीवादक क्वांट्सने १७५२च्या आपल्या ग्रंथात याच गोंधळाबद्दल लिहिलं आहे : व्हेनिसची पट्टी सगळ्यात चढी, पॅरिसची उतरलेली. ४१५ ही विसाव्या शतकातल्या वादकांनी आपसात केलेली सोय आहे. अर्ध्या सुराचा नेमका फरक असला की हार्पसिकॉर्डचा, म्हणजे पियानोसारख्या पण तारा छेडणाऱ्या जुन्या वाद्याचा, कळफलक एका तारेएवढा सरकवून तेच वाद्य दोन्ही पट्ट्यांत वापरता येतं. फ्रेंच संगीतासाठी काही गट आणखी खाली, ३९२वर जातात. उलट व्हिवाल्दी वाजवणारे काही इटालियन गट ४४०वरच राहतात. म्हणून नुसत्या पट्टीवरून वाद्यं जुनी की नवी हे ओळखायला जाऊ नका.

ओळखायचं असेल तर सुराची सुरुवात ऐका. तातेवर गज टेकतो तेव्हा सुराच्या आधी एक बारीक खरखर येते, बोलताना ‘क’ किंवा ‘त’ उच्चारावा तशी. मग सूर उमलतो आणि गज संपता संपता आपोआप विरतो. पोलादी तारेवर ही खरखर जवळजवळ नसते, आणि आधुनिक गज सूर टोकापर्यंत सारखा ताणून धरू शकतो. आजचा आत वळलेला गज पॅरिसच्या तुर्त या गज-कारागिराने १७८५च्या सुमारास पक्का केला. त्याआधीचे गज सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेले, आणि टोकाला हलके असत. टोक हलकं असल्यामुळे सूर तिकडे जाता जाता बारीक होतो. बाखच्या ओळींमधले लहान लहान उच्चार याच बारीक होण्यातून येतात. तुमच्या दोन्ही रेकॉर्डिंगमधल्या तिसऱ्या कॉन्चेर्तोच्या पहिल्या आठ-दहा सेकंदांत हे सगळं सापडेल.

प्रश्न : ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची जुन्या वाद्यांवरची इतकी रेकॉर्डिंग आहेत की सुरुवात कुठून करावी कळत नाही. एकच सांगा.

एकच सांगायचं तर पिनॉकचं १९८२चं. पण पत्राच्या खाली तुम्ही ‘का ते मात्र सविस्तर लिहा’ असंही म्हटलं आहे, तर त्याचा मी पुरेपूर फायदा घेते.

बाखने या सहा रचनांची सुरेख हस्तलिखित प्रत २४ मार्च १७२१ या तारखेच्या अर्पणपत्रिकेसह ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह (ही एक जर्मन सरदारी पदवी) क्रिस्टियान लुडविगला पाठवली. त्या छापल्या गेल्या १८५०मध्ये. तोपर्यंत त्या रचना ज्या वाद्यांसाठी लिहिल्या होत्या त्यांतली बरीचशी वापरातून गेली होती. साहजिकच विसाव्या शतकाने त्या हाताशी होत्या त्या वाद्यांवर वाजवल्या. आडोल्फ बुशच्या १९३५च्या रेकॉर्डिंगमध्ये हार्पसिकॉर्डच्या जागी पियानो आहे, रुडॉल्फ सेर्किनचा. ते वादन मला फार प्रिय आहे, पण त्यातला पाचवा कॉन्चेर्तो ऐकताना बाखने वाद्यांचा कोणता तोल मनात धरला होता ते कळत नाही. आणि हा तोल हीच जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगची खरी देणगी आहे, असं मी मानते.

दुसरा कॉन्चेर्तो घ्या. चार मुख्य वादक : ट्रम्पेट, रेकॉर्डर, ओबो, व्हायोलिन. रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारख्या तोंडाची लाकडी बासरी, फुंकर वाढवली की सूर चढतो म्हणून ती एका मर्यादेपलीकडे मोठी वाजूच शकत नाही. आता तिच्या शेजारी आजच्या वाद्यवृंदातला लहान पिकोलो ट्रम्पेट उभा करा. मग एकतर ट्रम्पेटवाल्याने जीव मुठीत धरून वाजवायचं, नाहीतर ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोनची जादू करून बासरी पुढे आणायची. बाखच्या ट्रम्पेटची नळी सुमारे दोन मीटर लांब, पिकोलोच्या कितीतरी पट. त्याला बोटांनी दाबायचे पडदे (व्हॉल्व्ह) नाहीत. पडद्यांची युक्ती १८१४नंतरच्या काही वर्षांत निघाली. वादक फक्त ओठांच्या ताणावर नळीचे स्वयंभू स्वर काढतो. हे स्वर खाली विरळ असतात आणि वर जाताना दाट होतात, म्हणून चाल वाजवायची तर फार वरच्या टोकालाच जावं लागतं. तिथे जोर लावून भागत नाही, सूर फुटतो. तिथे ट्रम्पेट रुपेरी, गोल आणि आश्चर्य वाटेल इतका सौम्य होतो. चौघांना एका खोलीत बसवा, कोणालाही दाबावं लागत नाही. मी पहिल्यांदा अशा चौघांच्या मागे बसून वाजवलं त्या दिवशी मला बासरीचा प्रत्येक सूर ऐकू येत होता, ट्रम्पेट तिच्यापासून दोन हातांवर असताना. सोळा वर्षं मी हाच कॉन्चेर्तो वाजवत होते आणि त्या बासरीची ओळ मला पाठ नव्हती, कारण ती कधी कानावर आलीच नव्हती.

सहावा कॉन्चेर्तो तर माझा घरचाच. त्यात व्हायोलिन नाहीत! दोन व्हायोला पुढे, मागे दोन व्हिओला दा गांबा, एक चेलो, खर्जाचं तंतुवाद्य आणि हार्पसिकॉर्ड. त्या काळी गांबा, म्हणजे पायांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य, हे मानाचं, दरबारी वाद्य आणि व्हायोला म्हणजे मधले सूर भरणारा. बाखने इथे गांबांना साधी साथ दिली आणि व्हायोलांना पुढे बसवलं. बाखला स्वतःला वाद्यवृंदात व्हायोला वाजवायला आवडे, असं त्याच्या मुलाने सांगितलं आहे. पहिल्या भागात दोन व्हायोला एकमेकींचा पाठलाग करतात, एक दुसरीच्या फक्त एका आठव्या नोटेने, म्हणजे निमिषभराने, मागे. आधुनिक वाद्यांवर हा भाग जाड गोधडीसारखा होतो. तातेवर दोन्ही आवाजांच्या कडा वेगळ्या राहतात आणि एक बाई दुसरीचं वाक्य तोडून तेच वाक्य पुढे बोलते आहे असं ऐकू येतं.

आता रेकॉर्डिंग. निकोलाउस हार्नोनकूरने १९५३मध्ये व्हिएन्नात ‘कॉन्सेन्टुस म्युझिकुस’ हा गट काढला. पोटापाण्यासाठी तो तिथल्याच सिंफनी वाद्यवृंदात चेलो वाजवत होता, आणि उरलेल्या वेळात त्याच्या घरी तालमी चालत. पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो १९५७मध्ये! १९६४चं त्यांचं ब्रांडेनबुर्ग हे मी ‘पहिलं’ म्हणून नव्हे, तर त्यातल्या धाडसासाठी ऐकते. पहिल्या कॉन्चेर्तोत हॉर्न शिकारीचे पुकारे देतात, बाकीच्यांच्या लयीला आडवे जाऊन, आणि वादक अजून त्या वाद्यांशी झटापट करताहेत हे कळतं. कोणीच ही वाद्यं लहानपणापासून शिकलेलं नव्हतं.

गुस्ताफ लेओनहार्टचं १९७६–७७चं रेकॉर्डिंग माझ्या सगळ्यात जवळचं. फ्रान्स ब्रुगेन रेकॉर्डरवर, सिगिस्वाल्ड कुइकेन व्हायोलिनवर, आनर बिल्स्मा चेलोवर. एका खोलीत इतकी माणसं, आणि कोणालाच घाई नाही. सहाव्याचा मधला भाग त्यांच्याकडेच ऐका. पिनॉकचं रेकॉर्डिंग आनंदी, नेटकं, सगळ्या सहांत सारखं पक्कं, म्हणून सुरुवातीला ते. राइनहार्ड गोबेलच्या ‘म्युझिका अँटिक्वा कोल्न’चं १९८६–८७चं रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी ऐका. सहाव्याचा पहिला भाग त्याने इतक्या जलद घेतला आहे की माझ्या दोन बोलक्या बाया तिथे धावतच सुटतात. मला तो वेग पटत नाही. तरी दर दोन-तीन वर्षांनी मी ते पुन्हा लावते, कारण माझं मत मला पुन्हा तपासून पाहावंसं वाटतं. अलीकडच्यांपैकी फ्रायबुर्गच्या बरोक वाद्यवृंदाचं, २०१४मध्ये आलेलं. त्या पिढीचे वादक ही वाद्यं शाळेपासून शिकलेले आहेत आणि ते पहिल्या सुरापासून जाणवतं.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तुम्ही सुचवलेलं जुन्या वाद्यांवरचं संगीत मला आंबट आणि रुक्ष वाटतं. व्हायोलिनच्या सुराला कंप नाही, ऊब नाही. यात रस कसा घ्यायचा?

राग कसला. मीही पहिली दोन-तीन वर्षं हेच म्हणत होते.

आंबटपणाबद्दल आधी. १९६०–७०च्या दशकांतल्या काही रेकॉर्डिंगमध्ये सूर खरोखरच हलतात. तात हवेतला ओलावा शोषते आणि वाजवता वाजवता उतरते किंवा चढते. एका हिवाळ्यात आम्ही एका चर्चमध्ये रेकॉर्डिंग करत होतो. हीटर घुमत होता म्हणून ध्वनिमुद्रकाने तो बंद करायला लावला. अर्ध्या तासात बोटं गारठली आणि तारा खाली आल्या. लोक बसल्यावर हीटर पुन्हा लावला, तर तारा वर गेल्या. दर चार मिनिटांनी आम्ही थांबून खुंट्या पिळत होतो. सहा मिनिटांच्या एका भागासाठी त्या दिवशी दुपार आणि संध्याकाळ गेली. पहिल्या पिढीकडे यासाठी लागणारा वेळ नव्हता, पैसा नव्हता, आणि हातात सवयही नव्हती. तेव्हा जुनं रेकॉर्डिंग आंबट लागलं तर ते तुमच्या कानांचं खोटं नाही. तेच संगीत १९९०नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकून पाहा.

कंपाचं, म्हणजे व्हायब्रेटोचं, जरा वेगळं आहे. त्या काळी कंप नव्हताच असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. जेमिनियानी या इटालियन व्हायोलिनवादकाने १७५१मध्ये लिहिलं की कंप जितका जास्त वापरता येईल तितका वापरा. पाचच वर्षांनी लेओपोल्ड मोझार्टने लिहिलं की काही वादक प्रत्येक सुरावर असे थरथरतात जणू त्यांना कायमचा ताप आहे. म्हणजे वाद तेव्हाही होता. मात्र अखंड, प्रत्येक सुरावरचा कंप ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची सवय. बरोक वादक कंप दागिन्यासारखा निवडून घालतो, एखाद्या लांब सुरावर, तोही सूर फुलत असताना. बाकी सगळा भाव उजव्या हातात, गजाच्या दाबात आणि वेगात.

तुम्ही ऊब शोधताय ती डाव्या हातात नाही मिळणार. बाखच्या तिसऱ्या स्वीटमधला (स्वीट म्हणजे लहान रचनांची मालिका) तो प्रसिद्ध ‘एअर’ जुन्या वाद्यांवर लावा आणि पहिल्या व्हायोलिनकडे लक्षच देऊ नका. खालचा खर्ज ऐका, पावलं टाकत चाललेला. मग दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला. वरचा लांब सूर त्यांच्याशी कधी जुळतो, कधी घासतो. कंप नसल्यामुळे हे घासणं स्वच्छ ऐकू येतं, आणि जुळल्यावर जी मोकळीक वाटते ती मला तरी पुरेशी उबदार वाटते. चार-पाच वेळा ऐकूनही आवडलं नाही तर सोडून द्या आणि रिख्टरकडे परत जा. तिथेही थोर संगीत आहे.

प्रश्न : ही वाद्यं खरंच तीनशे वर्षं जुनी असतात का?

व्हायोलिन, व्हायोला, चेलो बऱ्याचदा असतात, पण जवळजवळ सगळ्यांची मान एकोणिसाव्या शतकात बदलली गेली. ती पुन्हा जुन्या धाटणीची करून घ्यावी लागते. हनुवटी टेकवायचा भाग काढून टाकतात, तो व्हायोलिनवादक स्पोरने १८२०च्या आसपास आणला. चेलोचा खालचा खिळा काढतात, वादक चेलो पोटऱ्यांत धरतो. लाकडी फुंकवाद्यं मात्र बहुतेक नव्याने केलेल्या प्रती असतात. जुनं लाकूड रोजच्या फुंकरीने, ओलाव्याने तडकतं, आणि संग्रहालयातली मूळ वाद्यं मोजून त्यांच्या उत्तम प्रती होतात. माझा व्हायोला नवा आहे. जुनं लाकूड मला परवडलं नसतं, आणि आज मला त्याची खंतही नाही.

प्रश्न : हँडेलच्या ‘रॉयल फायरवर्क्स’च्या एका रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन आहेत, दुसऱ्यात एकही नाही. खरं कोणतं?

दोन्ही हँडेलचीच. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचा शेवट करणारा तह १७४८मध्ये झाला, त्याच्या उत्सवासाठी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये दारूकाम ठरलं. राजा दुसऱ्या जॉर्जला त्या संगीतात तंतुवाद्यं नको होती, लढाईला शोभतील अशीच वाद्यं हवी होती. हँडेलला व्हायोलिन हवी होती. पत्रव्यवहारात बरीच ओढाताण झाली. शेवटी २७ एप्रिल १७४९ला राजाच्या मनासारखं झालं : हस्तलिखितात २४ ओबो, १२ बासून (खर्जाचं लाकडी फुंकवाद्य), ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि टिम्पनीच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांच्या, तीन जोड्या. त्याआधी २१ तारखेला व्हॉक्सहॉलच्या बागेत जाहीर तालीम झाली, तिला बारा हजारांवर लोक गेल्याचं तेव्हाच्या मासिकाने छापलं. प्रत्यक्ष दारूकामाच्या रात्री लाकडी मंडपाचा एक भाग पेटला. महिन्याभराने फाउंडलिंग हॉस्पिटलच्या मदतीसाठी हँडेलने तेच संगीत बंदिस्त जागेत, तंतुवाद्यांसह वाजवलं.

मूळ फुंकवाद्यांच्या ताफ्याचं पहिलं मोठं रेकॉर्डिंग चार्ल्स मॅकेरसने केलं, तेही रात्री! १३ एप्रिल १९५९च्या रात्री सुरू करून १४च्या पहाटेपर्यंत. १४ एप्रिलला हँडेलच्या मृत्यूला दोनशे वर्षं पूर्ण होत होती, आणि लंडनमधले एवढे ओबोवादक एका जागी जमायचे तर रात्रीचे कार्यक्रम आटोपल्यावरच जमणार. वाद्यं आधुनिक होती, तरी ते रेकॉर्डिंग अंगावर येतं. जुन्या वाद्यांवर पूर्ण ताफा जमवला तो रॉबर्ट किंगने, १९८९मध्ये. तुम्हाला तंतुवाद्यांसह ऐकायचं असेल तर जोर्डी साव्हालचं १९९३चं घ्या, त्यातले नगारे विसरता येत नाहीत.

पण मला खरं लिहायचंय ते एर्वे निकेबद्दल. त्याने या शतकाच्या सुरुवातीला ‘कॉन्सेर स्पिरित्युएल’ या गटाबरोबर हे केलं, शंभरेक वादक घेऊन, आणि त्याचे ट्रम्पेट व हॉर्न खरोखर बिनछिद्रांचे आहेत. मी मघाशी स्वयंभू स्वरांबद्दल लिहिलं. त्यातला अकरावा स्वर आपल्या कानाला शुद्ध आणि तीव्र मध्यम यांच्या अधेमधे लटकलेला वाटतो, तेरावाही जरा उतरलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांनी यावर तोडगा म्हणून नळीला दोन-चार बारीक छिद्रं पाडली. बोट उचललं की सूर जागेवर येतो. आज ‘बरोक ट्रम्पेट’ म्हणून तुम्ही ऐकता त्यांतले बहुतेक असे छिद्रांचे आहेत, आणि मागच्या अंकात मी हे सांगायला हवं होतं. निकेने छिद्रं नाकारली. नऊ हॉर्न एकदम त्या तिरक्या अकराव्या स्वरावर येतात तेव्हा रानातून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. काही जणांना ते बेसूर वाटतं. मला त्या जागी अंगावर काटा येतो, आणि बेसूर म्हणायला जीभ उचलत नाही.

प्रश्न : व्हिवाल्दीचे ‘चार ऋतू’ इतक्यांदा ऐकलेत की कंटाळा आला. जुन्या वाद्यांवर ऐकून काही फरक पडेल?

‘वसंत’चा दुसरा भाग लावा. शेळ्या राखणारा झाडाखाली झोपलाय, पानं हलताहेत, व्हायोलिन त्याची झोप गातंय. आणि त्याचा कुत्रा भुंकतोय. तो कुत्रा म्हणजे व्हायोला! व्हिवाल्दीने तिथे लिहून ठेवलंय की हे सगळ्या भागभर फार जोरात आणि ओरबाडून वाजवायचं. हे छापलं गेलं १७२५मध्ये. आधुनिक वाद्यवृंदात हा भाग वाजवताना मला दर वेळी ‘हळू, मागे रहा’ अशी खूण व्हायची. मी दोनच सूर वाजवत राहायचे, सभ्यपणे, आणि कुत्रा झोपून जायचा.

फाबिओ बिओन्डीच्या ‘युरोपा गालान्ते’चं १९९१चं रेकॉर्डिंग ऐका, आणि दोन वर्षांनंतरचं ‘इल जार्दिनो आर्मोनिको’चं. तिथे कुत्रा भुंकतो. पुढे ‘हिवाळ्या’त दात वाजतात, पाय घसरतात, बर्फ तडकतं. ख्रिस्तोफर हॉगवुडचं १९८२चं त्यांच्याहून शांत आहे, त्यात चार ऋतूंना चार वेगळे व्हायोलिनवादक आहेत. तेही चांगलं आहे, पण तुमचा कंटाळा घालवायला इटालियनच हवेत.

प्रश्न : बाख, हँडेल, व्हिवाल्दी सोडून काही सुचवा.

झाँ-फेरी रबेलची ‘लेझेलेमाँ’, १७३७ची. सृष्टीच्या आधीचा गोंधळ दाखवायला त्याने सप्तकातले सातही सूर एकदम वाजवून सुरुवात केली. गोबेलचं ऐका. बीबरची ‘बटालिया’, १६७३ची : आठ गाणी वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी, दारू प्यालेले शिपाई. पुढे खर्जवाद्याच्या तारांमध्ये कागद अडकवून ढोल काढलाय. ड्रेस्डेनच्या हाइनिखेनचे कॉन्चेर्तो गोबेलनेच उजेडात आणले, हॉर्न आणि बासऱ्यांची नुसती जत्रा आहे. आणि रामो. त्याच्या ऑपेरांमधली नाचांची पानं एकत्र करून मार्क मिन्कोव्स्कीने एक काल्पनिक सिंफनी बांधली, तिच्याबद्दल पुढच्या महिन्यात वेगळं लिहिणार आहे, म्हणून इथे थांबते.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. सात वर्षं व्हायोलिन शिकते. तुमचा लेख वाचून मला तातेच्या तारा लावाव्याशा वाटतात. बाई म्हणतात आत्ता नको. तुम्ही काय म्हणाल?

तुझ्या बाई तुझा हात रोज पाहतात, मी नाही. म्हणून तारा बदलायच्या आधी त्यांच्याशी पुन्हा बोल, आणि चारही एकदम बदलू नकोस. फक्त मधल्या दोन, ‘ए’ आणि ‘डी’, साध्या तातेच्या लाव. सगळ्यात वरची तात लवकर तुटते आणि खालच्या तारेला बहुतेक वेळा धातूचं वेटोळं असतं, त्या दोन्ही नंतर पाहता येतील. तात पोलादी तारेपेक्षा जाड असते. घोडीवरच्या आणि वरच्या टोकाच्या खाचेत ती बसत नसेल तर जबरदस्ती करू नकोस, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून खाच रुंद करून घे.

लावल्यावर दोन दिवस ती सारखी उतरेल. घाबरू नकोस, ताणली जातेय. रोज थोडं थोडं चढव.

पहिल्या दिवशी मी गज नेहमीच्या जोराने टेकवला आणि तार किंचाळली. तेव्हा तू गज कमी दाब आणि जरा जास्त वेगाने ओढून बघ. गज वरच्या बाजूला, पकडीपासून तीन बोटं पुढे धरलास तर टोक आपोआप हलकं होईल, आणि बरोक गजावर पैसे न घालता तुला त्याची थोडी कल्पना येईल. एका उघड्या तारेवर रोज दहा मिनिटं नुसता सूर सुरू कर आणि विरू दे. आठवड्याभराने बाखचा ‘डी मायनर’ दुहेरी कॉन्चेर्तो काढ. दुसरं व्हायोलिन सुरू करतं, मग पहिलं येतं, त्यामुळे एका मैत्रिणीला दुसऱ्या व्हायोलिनचा भाग दे. दोघींनी जवळजवळ उभं राहा, पण एकमेकींकडे न बघता वाजवा. तिचा सूर कुठे संपतो ते ऐकून तू सुरू कर. काय झालं ते मला कळव.